टाकीच्या तोंडाशी

ताला साबांना लग्नाला बोलवायचं की नाही, यावर आमच्या कंपनीतल्या लोकांच्या घरी खल व्हायचा. बोलवावं, तर हा माणूस अक्षता पडल्या की पंगतीत न बसता फंक्शन हॉलच्या मागे जाणार, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं झाकण शोधणार, आणि त्याला कुलूप नसलं तर मॅनेजरला बोलावून सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढणार. माझ्या बहिणीच्या लग्नात, नामपल्लीजवळच्या एका हॉलमध्ये, त्यांनी अगदी हेच केलं. झाकणावर आचाऱ्याने भाजीच्या टोपल्या रचल्या होत्या. त्या उचलायला लावल्या. माझे वडील हात जोडून म्हणाले, "साहेब, शुभकार्य आहे, आज कशाला हे?"

"शुभकार्य आहे म्हणूनच लेकरं धावायलेत इकडून तिकडं," ते म्हणाले. "तुम्ही जेवा. मी बसतो."

आणि मॅनेजर कुलूप घेऊन येईपर्यंत ते खरोखरच त्या झाकणावर खुर्ची टाकून बसून राहिले. नवी सफारी घातलेली, कपाळावर अक्षतांचे दाणे चिकटलेले. आमच्या एका आत्याने माझ्या कानाशी लागून विचारलं, "आडनाव काय गं त्यांचं?" मी सांगितलं. आत्याने "अच्छा" म्हटलं आणि तोंड फिरवलं. त्या 'अच्छा'चा मला आजही राग येतो.

ते आमच्या औषधाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते आणि मी तिथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट. कारखाना शहराबाहेर. सकाळी तारनाक्याहून कंपनीची बस निघायची आणि आम्ही दोघंच मराठी बोलणारे, म्हणून शेजारी बसायचो. त्यांचे वडील परभणीकडून रेल्वेच्या नोकरीत इथे आले, ते इथलेच झाले. त्यामुळे साहेबांचं मराठी परभणीचं, पण मधूनमधून 'हौ' आणि 'नक्को' पेरलेलं. कामगारांशी ते तेलुगूत भांडत आणि साहेब लोकांशी दखनीत.

ताला साब हे नाव कामगारांनी ठेवलं होतं. कमरेच्या पट्ट्याला एक लाल कुलूप सतत लटकलेलं असे आणि त्याची किल्ली गळ्यात, बनियनच्या आत. मोठ्या भांड्यात, म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये, साफसफाईला माणूस उतरला की आतलं ढवळायचं पातं फिरवणारं बटण कुणी चुकून दाबू नये म्हणून ते त्या बटणाच्या पेटीला आपलं कुलूप घालत. असं कुलूप घालायची पद्धत सगळ्याच कारखान्यांत आहे, पण आमच्याकडे कंपनीची कुलपं होती आणि त्यांच्या किल्ल्या कुणाकडेही असायच्या. म्हणून हे बेगम बाजारातून आपल्या पदरचं कुलूप आणत. दुकानदाराशी एवढी हुज्जत घालत, की त्याने एकदा हात जोडून "साब, आप दूसरी दुकान देख लो" म्हटलं होतं.

गोड माणूस होता, असं मी म्हणणार नाही. बसमध्ये मोबाइलवर मोठ्या आवाजात बातम्या ऐकायचे. कुणाचं नाव त्यांच्या लक्षात राहायचं नाही. ठेचा-भाकरीचा डबा उघडला की मान खाली घालून सगळा एकटे संपवायचे, समोरच्याला 'घ्या' म्हणणं त्यांना सुचतच नसे. आणि नव्या इंजिनिअरांना तर ते भाजून काढत. एखादं पोरगं रुजू झालं की त्याला रिअ‍ॅक्टरपाशी न्यायचे, उघड्या तोंडापासून हातभर लांब उभं करायचे आणि विचारायचे, "बाबू, क्या बास आरी?"

"कुछ नै सर."

"तो मर."

पोरगं गोरंमोरं व्हायचं. मग समजावून सांगत. रिअ‍ॅक्टरमध्ये नायट्रोजन भरलेला असतो, त्याला वास नाही की रंग नाही. माणूस दोन श्वास घेतो आणि खाली बसतो, इतकंच. सांडपाण्याच्या टाकीतला वायू सडक्या अंड्यासारखा घाण मारतो, पण तो वाढला की आधी नाकच बधिर करतो. आतल्या माणसाला वाटतं, चला, घाण कमी झाली. "पहले नाक मरती, बाद में आदमी," ते म्हणायचे आणि हातातला गॅस मीटर त्या पोराच्या नाकासमोर धरायचे. "आज से ये तेरी नाक."

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. टाकीत कुणी उतरत असेल तर तोंडाशी एक माणूस दोर धरून उभा ठेवायचा, त्याने आतल्याशी बोलत राहायचं आणि काहीही झालं तरी स्वतः आत जायचं नाही, हा नियम सगळीकडे आहे. आमच्याकडे त्या कामाला कुणीही चालायचा. वॉचमन, कँटीनमधला रिकामा माणूस, कोण मोकळा असेल तो. ताला साबांनी ठरवलं की ज्याने काम काढलं, तोच उभा राहील. प्लँट हेडला टाकी साफ करून हवी असेल तर प्लँट हेडने उन्हात उभं राहून दोर धरायचा. त्याशिवाय हे परवानगी द्यायचे नाहीत. "बाहेर कौन?" एवढंच विचारायचे आणि साहेबाचं नाव ऐकू येईपर्यंत झाकणाला हात लावू द्यायचे नाहीत.

एकदा भर मे महिन्यात आमचे प्लँट हेड असे अडकले. त्यांनी मीटिंगचं कारण काढलं. ताला साब म्हणाले, "टंकी कहीं जा नै री साब. मीटिंग के बाद खोलेंगे." दुसऱ्या दिवशी त्यांनी पाठीचं दुखणं काढलं. "तो ठीक होने के बाद खोलेंगे." शेवटी उत्पादन अडलं आणि वरून फोन आला, तेव्हा प्लँट हेड दोर हातात धरून उभे राहिले. त्यांनी खुर्ची मागितली. मिळाली नाही, कारण बसलं की डोळा लागतो. फोन आला तर ताला साबांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि आपल्या खिशात टाकला. आत काम करणारा कामगार दर थोड्या वेळाने मुद्दाम मोठ्याने हाक मारायचा, "सार, उन्नारा?" म्हणजे, साहेब, आहात ना? आणि प्लँट हेडना "हाँ, हूँ" म्हणून ओ द्यावी लागायची. आम्ही सगळे प्रयोगशाळेच्या खिडकीत उभे राहून हसत होतो.

त्यानंतर काय झालं असेल? रिअ‍ॅक्टर आतून धुणारा एक फिरता फवारा मागवण्यात आला. वरून सोडायचा, नळ जोडायचा, आत कुणी उतरायची गरजच नाही. म्हणजे इतकी वर्षं हा फवारा बाजारात मिळत होता. माणसं आत उतरत होती, तोपर्यंत कुणाला तो आठवला नाही. साहेबाच्या डोक्याला ऊन लागलं आणि लगेच आठवला. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. मला नाही हसू येत.

सांडपाण्याच्या टाकीसाठी मात्र असं काही आणलं नाही. ती मागच्या कुंपणापाशी होती, तिथे कुणी साहेब फिरकत नसे.

या सगळ्या हट्टाबद्दल ऑफिसमध्ये कुजबुज चालायची. एच.आर.चे एक गृहस्थ एकदा जेवताना डोळा मारून म्हणाले, "गटर-टंकी का मामला है, उन लोगों को अपने से ज्यादा समझता." बाकीचे हसले. मी ताट उचलून दुसरीकडे गेले, पण राग पोटात मावेना. संध्याकाळी बसमध्ये मी ताला साबांना ते सांगितलं. त्यांना ते आधीच ठाऊक होतं.

"ताई, आमचे आजोबा सालगडी. वडील रेल्वेत फिटर. मी इंजिनिअर. आमच्या घरातला एक माणूस गटारात उतरलेला नाही. तरी ह्यांना वाटायलंय, मला हे रक्तातून कळतं."

"मग तुम्ही त्यांना सुनावत का नाही?"

"कायकू? ह्यांना शिकवत बसू का टाक्या बघू?" असं म्हणून त्यांनी बातम्यांचा आवाज वाढवला.

आता दसऱ्याचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच हे लिहायला बसले.

आमच्याकडे आयुधपूजेचा मोठा थाट. आदल्या दिवशी प्लँट बंद करतात. यंत्रं, भांडी, मोटारी, बस, सगळं धुऊन पुसून हळदीकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. पूजेच्या दिवशी मालक सहकुटुंब येतात आणि दारात दृष्ट काढून कोहळा फोडतात. आणि इथेच आमच्या लोकांची ती चूक, जी मी दर वर्षी बघत आले. प्लँट बंद म्हणजे धोकाही बंद, असं सगळ्यांना वाटतं. एरवी परवानगीशिवाय पाना न उचलणारी माणसं त्या दिवशी हातात बादली आणि फडकं घेऊन कुठेही घुसतात. कारण ते कामच नसतं, ती पूजेची तयारी असते. आणि प्लँट बंद म्हणून सांडपाण्याच्या टाकीत हवा सोडणारा ब्लोअरही बंद. हवा बंद झाली की तळातला गाळ सडतो, आणि तो गाळ कुणी ढवळला की त्यातला वायू एकदम वर येतो.

आधीच्या वर्षी मालकांच्या बायकोने नाकाला पदर लावला होता. तेवढ्यासाठी प्लँट हेडनी कंत्राटदाराला फोन करून टाकी उपसून घ्यायला सांगितलं. ताला साबांना कळवलं नाही. कळवलं असतं तर त्यांनी दोर हातात दिला असता आणि पाहुण्यांच्या स्वागताच्या तयारीत प्लँट हेडना गाळाच्या टाकीशी उभं राहावं लागलं असतं.

पूजेच्या आदल्या दिवशी दुपारी मी पाण्याचा नमुना घ्यायला मागे गेले, तर झाकण उघडं. एक तरणा गडी दोराने गाळाची बादली वर ओढत होता. खाली त्याच्या बहिणीचा नवरा उतरलेला. दोघंही कंत्राटदाराची माणसं, गावाकडून आलेली. मी जागेवरूनच ताला साबांना फोन लावला. "कुणालाही आत जाऊ देऊ नका," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी फोन खिशात घालते तोच तो तरणा गडी टाकीत वाकून हाका मारायला लागला, "बावा! ओ बावा!" दोर सैल पडला होता. खालून ओ येत नव्हती.

त्याने चपला काढल्या आणि शिडीवर पाय टाकला. मी त्याचा हात धरला, त्याने तो झटकला. तेवढ्यात ताला साब धावत आले. त्यांच्या हातातला गॅस मीटर टाकीच्या तोंडापाशी येताच किंचाळायला लागला. त्यांनी मागून त्या गड्याच्या कमरेला मिठी घातली आणि दोघंही चिखलात पडले.

"वदलंडी सार! मा बावा सार! वदलंडी!" सोडा साहेब, माझे भावोजी आहेत, सोडा. तो त्यांना बुक्के मारत होता, दंडाला चावला. पन्नाशी उलटलेला तो माणूस त्याच्या छातीवर बसला तो उठला नाही. "ताई, बीए सेट!" ते ओरडले.

बीए सेट म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडाला मुखवटा. तो घालूनच अशा टाकीत उतरता येतं. त्याचं लाल कपाट टाकीजवळच भिंतीला असायचं. मी वळून बघते तर भिंत रिकामी. ताजी चुन्याने रंगवलेली. पाहुण्यांच्या डोळ्यांना बरं दिसत नाही, म्हणून कपाट त्याच दिवशी सकाळी स्टोअरमध्ये नेऊन ठेवलं होतं. मी स्टोअरकडे धावले. स्टोअरला कुलूप, आणि किल्ली अ‍ॅडमिनच्या माणसाच्या खिशात. तो पूजेचं सामान आणायला बेगम बाजारात गेलेला. वेल्डरने घणाने ते कुलूप तोडलं. आत कपाटासमोर कोहळे आणि मिठाईचे खोके रचून ठेवलेले होते. ते आम्ही हातापायांनी उडवले. ती चुन्याची भिंत आणि ते कोहळे आठवले की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

आम्ही सेट घेऊन परत आलो, तेव्हाही ताला साब त्या पोरावरच बसलेले होते. दोन वॉचमन बोलावून त्याला त्यांच्या ताब्यात दिलं. सेट चढवला, कमरेला दोर बांधला. मग नेहमीप्रमाणे विचारलं, "बाहेर कौन?"

प्लँट हेड गेटवर मांडव बघत होते. त्यांना निरोप गेला होता, ते अजून आले नव्हते.

दोराचं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. "ताई, तुम्ही. मी पडलो तर ओढायचं, ओरडायचं. आत यायचं नाही. बोला."

मी दोर दोन्ही हातांनी धरला. ते मुखवटा हातात धरून थांबले. खाली माणूस पडलेला, आणि हे थांबलेले.

"येणार नाही," मी म्हणाले. तेव्हा ते उतरले.

त्यांनी त्याला बांधलं, आम्ही सगळ्यांनी मिळून वर ओढलं. छाती दाबली, तोंडात हवा भरली, रुग्णवाहिका आली. तो वाटेतच गेला. कदाचित बाहेर काढला तेव्हाच गेलेला असेल. बिचाऱ्याच्या कपाळाला हळदीचं बोट होतं. सकाळी कुणीतरी मोटारींबरोबर त्यालाही लावलं असावं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. हो, झाली. मागच्या बाजूला दोरी बांधून ठेवली होती, एवढंच. गेटवर कोहळा फुटला, मालकांच्या बायकोने ओवाळलं, आणि आम्हाला एकेक मिठाईचा खोका मिळाला. आदल्या दिवशी मी लाथ मारून उडवलेल्यांपैकीच असेल. मी तो बसच्या चाकाखाली ठेवून घरी आले.

मग कंपनीने आपली चौकशी केली. कंत्राटदाराची माणसं आपणहून उतरली, कुणी सांगितलं नव्हतं, असं ठरलं. भिंतीवरून कपाट हलवणारे, स्टोअर बंद करून जाणारे, फोनवर टाकी उपसायला सांगणारे, या कुणाला एका शब्दाने विचारलं नाही. चौकशीला ताला साबांना बोलावलं नाही, त्या तरण्या गड्याला, मेलेल्याच्या मेव्हण्याला, बोलावलं. तो मोठमोठ्याने रडत म्हणाला, "त्या साहेबाने मला धरून ठेवलं. माझ्या छातीवर बसला. मी उतरलो असतो तर बावाला उचलून आणलं असतं. त्याने मारलं माझ्या बावाला." त्याला कुणी पढवायची गरज नव्हती, त्याला खरंच तसं वाटत होतं. पण ऐकणाऱ्यांना तर सत्य काय ते ठाऊक होतं! त्या वायूत तो उतरला असता तर शिडीच्या मध्यावरच कोसळला असता, हे त्या खोलीतला प्रत्येक इंजिनिअर जाणत होता. सगळे मूग गिळून बसले. कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं होतं आणि एका दुःखी माणसाने ते आयतं आणून दिलं होतं. मी उभी राहून सगळं सांगितलं. प्लँट हेड अगदी मायेने म्हणाले, "मॅडम, आप बहुत घबराए हुए थे उस दिन." माझं बोलणं तिथेच संपवलं.

बचावकार्यात अडथळा आणला म्हणून ताला साबांना काढून टाकलं. ते लाल कुलूप गेटवर झडतीत काढून घेतलं, कंपनीचा माल म्हणून.

रविवारी मी तारनाक्याला त्यांच्या घरी गेले. वहिनींनी दार उघडलं. साहेब जेवायला बसले होते, दंडावर दातांची खूण अजून निळी. मी खुर्चीवर टेकायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. चौकशीत काय झालं ते सगळं सांगितलं, कोण गप्प बसलं ते नावानिशी सांगितलं. कोर्टात चला म्हटलं, मी साक्ष देते. ते खाली मान घालून भाकरी मोडत होते. 'घ्या' म्हणाले नाहीत. कपाटाचं बोलले तेवढं: "सकाळी एक चक्कर मारायची होती तिकडं. राहिली."

"तुम्ही स्वतःला कशाला लावून घेता?" मी ओरडलेच. "आणि तो मेव्हणा! त्याचा जीव वाचवला तुम्ही, आणि तो सगळ्यांसमोर तुम्हाला खुनी म्हणाला. शिव्या दिल्या, साहेब!"

त्यांनी हात थांबवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"बोलताना खोकत होता का?"

"काय?"

"तोंडाशी उभा होता तो बराच वेळ. बादल्या ओढत होता. थोडा वायू त्याच्याही छातीत गेला असणार. कधीकधी मागाहून त्रास होतो. खोकत होता का? बोलताना दम लागत होता?"

मी आठवून पाहिलं. "नाही."

"आवाज बसलेला?"

"नाही. खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतका ओरडत होता."

"हौ?" ते म्हणाले. मग वहिनींकडे ताट सरकवून त्यांनी आणखी एक भाकरी मागितली.